मुख्य भाषण कोणाचं? वऱ्हाडातल्या संशोधन-संवादाचा आढावा

१८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले ते कापसासाठी. जलंब स्थानकापासून खामगावच्या बाजारापर्यंत टाकलेल्या रेल्वेच्या फाट्याचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं होतं. त्या युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस कमी पडला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे इंग्रजांची नजर वळली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कॉटन कमिशनर नेमला गेला, हॅरी रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने ते पद गाजवलं, लांब धाग्याच्या वाणांचे प्रयोग झाले, बाजारापर्यंत रूळ आले. आजच्या भाषेत हा संशोधन आणि नवतंत्राचाच कार्यक्रम होता. मात्र कापूस कसा हवा हे मँचेस्टरच्या गिरणीने ठरवलं होतं आणि त्याबद्दल बोलण्याचा अधिकार सरकारकडे होता. पऱ्हाटी पेरणाऱ्याने ऐकून घ्यायचं होतं.

पुढे १८८६ मध्ये कारंज्याचा कापूस बाजार सरकारी नियमांखाली आला. देशातला हा पहिला नियंत्रित बाजार. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. वजनमापाला शिस्त आली, पण त्या कायद्याने नेमायच्या समित्यांत कापूस पिकवणाऱ्याला प्रतिनिधित्वाची तरतूद नव्हती.

आज अमरावती आणि अकोल्यात संशोधन, नवतंत्र आणि लोकसहभाग या विषयांवर वर्षभर परिषदा होतात. कृषी विद्यापीठात होतात, संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात होतात, अभियांत्रिकी महाविद्यालयांत होतात. प्रत्येक परिषदेच्या तयारीत एका विषयावर सर्वांत जास्त खल होतो: मुख्य भाषणाला कोणाला बोलवायचं? कुलगुरू, संचालक, दिल्लीचा शास्त्रज्ञ की परदेशात गेलेला माजी विद्यार्थी? हा मानापानाचा मामला वाटतो. पण वऱ्हाडाचा गेल्या दीडशे वर्षांचा अनुभव तपासला तर दिसतं की मुख्य भाषण ज्याच्याकडे जातं, त्याचाच प्रश्न संशोधनाचा प्रश्न ठरतो. आणि वक्त्याला उलट विचारण्याची सोय जिथे असते, तिथलं बोलणं सभागृहात न राहता वावरापर्यंत पोचतं.

विचारत बोलणारे

लोकांसमोर बोलण्याचा वऱ्हाडाचा वारसा विद्यापीठांच्या आधीचा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले डेबूजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा, गावात शिरले की आधी खराटा हातात घेत. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनाला उभं राहायचं. त्यांच्या कीर्तनाची रीत सवाल-जबाबाची होती. बाबा विचारत, लोक एकसुरात उत्तर देत, त्या उत्तराला धरून बाबा पुढचा प्रश्न टाकत. कर्ज काढून लग्न करू नका, पोरांना शाळेत घाला, देवाला बकरं कापू नका, शिवाशिव पाळू नका. हा सगळा विषय ते श्रोत्यांच्या तोंडूनच वदवून घेत. भाषा ठेठ वऱ्हाडी. त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आज ऐकलं तरी श्रोत्यांचा आवाज बाबांच्या आवाजाइतकाच ठळक येतो. स्वच्छता आणि साथीचे रोग यांचा संबंध खेड्यातल्या माणसाला समजावण्याचं काम या रीतीने झालं, तेही आधी स्वतः झाडून दाखवून.

दुसरे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. जन्म १९०९, यावली. मोझरीला १९३५ मध्ये त्यांनी गुरुकुंज आश्रम उभा केला. खंजिरी वाजवत भजन म्हणणारा हा माणूस १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेत भारताकडून बोलला, आणि त्याच वेळी त्यांच्या ग्रामगीतेत गावाची सफाई, आरोग्य, शेती, गोवंश, ग्रामोद्योग, शिक्षण असे विषय अध्यायांतून मांडलेले होते. आंतरराष्ट्रीय परिषद आणि गावचा पार या दोन्ही ठिकाणी तोच माणूस, तीच खंजिरी. वऱ्हाडात आजही गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांत सामुदायिक प्रार्थना होते आणि तिच्यानंतर गावच्या प्रश्नांवर बोलणं निघतं.

हे दोघे शास्त्रज्ञ नव्हते आणि तसा त्यांचा दावाही नव्हता. पण आधी स्वतः करून दाखवायचं, लोकांच्या बोलीत बोलायचं आणि लोकांना उत्तर द्यायला लावायचं, ही त्यांची पद्धत वऱ्हाडी श्रोत्याच्या अंगवळणी पडली. त्यामुळे इथे एकतर्फी भाषण कितीही विद्वत्तेचं असलं तरी लोक मान हलवतात, चहा घेतात आणि आपल्या वाटेने निघून जातात.

पापळचा बॅरिस्टर

डॉ. पंजाबराव देशमुख यांनी ही पद्धत संस्थांत उतरवली. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी २७ डिसेंबर १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. एडिंबरो आणि ऑक्सफर्डला शिकून, वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून, बॅरिस्टर होऊन ते अमरावतीला परतले. १९२७ मध्ये अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून झालेल्या सत्याग्रहात ते होते. १९३२ मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. कुणब्याच्या, माळ्याच्या, दलिताच्या घरातल्या पहिल्या शिकलेल्या पिढ्या या संस्थेच्या शाळा-कॉलेजांतून आणि वसतिगृहांतून निघाल्या.

१९५२ पासून दहा वर्षं पंजाबरावांनी केंद्रात कृषी खात्याचं काम पाहिलं. भाताच्या जपानी लागवड पद्धतीचा त्यांनी देशभर प्रचार केला. १९५५ मध्ये भारत कृषक समाज स्थापन केला. पक्ष, जात, प्रांत बाजूला ठेवून शेतकऱ्यांचं एक राष्ट्रीय व्यासपीठ असावं, ही त्यामागची कल्पना. या समाजाच्या पुढाकाराने दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं. ११ डिसेंबर १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या उपस्थितीत त्याला सुरुवात झाली आणि त्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचंही भाषण झालं. राष्ट्राध्यक्षांचं भाषण वर्तमानपत्रांत छापून आलं हे स्वाभाविक होतं. पण पंजाबरावांचा भर प्रदर्शनावर होता. शेतकऱ्याने दिल्लीला यावं, वेगवेगळ्या देशांची यंत्रं, बियाणं, जनावरं डोळ्यांनी पाहावी, हात लावावा आणि विचारावं, यासाठी तो सगळा खटाटोप होता.

१० एप्रिल १९६५ रोजी ते गेले. विदर्भाचं कृषी विद्यापीठ अकोल्याला व्हावं म्हणून १९६७ मध्ये आंदोलन पेटलं आणि त्यात काहींनी प्राण गमावले. शेतीच्या संशोधनाची संस्था मिळावी म्हणून लोक रस्त्यावर उतरले आणि जीव गमावून बसले, अशी उदाहरणं फारशी नाहीत. २० ऑक्टोबर १९६९ रोजी विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याला पंजाबरावांचं नाव मिळालं. वऱ्हाडी माणूस आजही त्याला 'पीकेव्ही' म्हणतो.

शिफारस कशी होते

या विद्यापीठाचं संशोधन लोकांपर्यंत जाण्याच्या दोन वाटा आहेत. त्या दोन्हींवर बोलणारा कोण, हे पाहण्यासारखं आहे.

पहिली वाट संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीची, म्हणजे ज्याला सगळे 'ॲग्रेस्को' म्हणतात त्या बैठकीची. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांचे शास्त्रज्ञ वर्षातून एकदा एकत्र बसतात. यजमानपद आळीपाळीने फिरतं. वाण असो, अवजार असो की खताची मात्रा. आधी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर काही हंगाम चाचणी, मग वेगवेगळ्या ठिकाणी चाचणी, शेतकऱ्यांच्या शेतावर पडताळणी, आकड्यांची छाननी आणि शेवटी या बैठकीत मांडणी असा प्रत्येक शिफारशीचा प्रवास. बैठकीत संमत झालेलं तेच 'शिफारस' म्हणून छापलं जातं. कृषी सहायक गावात जे सांगतो, बियाणे महामंडळ ज्याचं बियाणं वाढवतं, त्याचं मूळ या बैठकीत असतं. परीक्षा कडक असते, आणि तशीच ती असायला हवी. तिथला वक्ता शास्त्रज्ञ, परीक्षकही शास्त्रज्ञच. उद्घाटनाला मंत्री आणि कुलगुरू बोलतात.

दुसरी वाट शिवार फेरीची. खरिपाची पिकं उभी असताना अकोल्याचं विद्यापीठ आपलं प्रक्षेत्र शेतकऱ्यांसाठी खुलं करतं. विदर्भाच्या सगळ्या जिल्ह्यांतून गाड्या भरभरून लोक येतात. नवं वाण आणि जुनं वाण शेजारी शेजारी लावलेलं असतं, खताच्या मात्रेचे तुकडे वेगळे पाडलेले असतात, रुंद सरी-वरंब्यावरचं सोयाबीन आणि सपाट पेऱ्यातलं सोयाबीन एका नजरेत दिसतं. शेतकरी शेंगा मोजतो, पान उलटवून पाहतो, मूळ उपटून गाठी पाहतो आणि मग तिथे उभ्या शास्त्रज्ञाला विचारतो: "हे हलक्या जमिनीत चालते काय? पाण्यानं वीस दिवस दांडी मारली तर?" पंजाबरावांच्या जयंतीच्या सुमारास डिसेंबरात भरणारं कृषी प्रदर्शन मोठं असतं, दालनं असतात, चर्चासत्रं असतात. पण फेरीत जे घडतं ते मंडपात घडत नाही. इथे मुख्य वक्ता पीकच असतं आणि शास्त्रज्ञाला त्याच्या साक्षीने उत्तर द्यावं लागतं.

या दोन वाटा जिथे मिळाल्या तिथे काम झालेलं दिसतं. अमरावतीच्या प्रादेशिक संशोधन केंद्रातून आलेल्या सोयाबीनच्या वाणांना 'एएमएस' ही अक्षरं लागतात. त्यांतली 'सुवर्ण सोया', 'पीडीकेव्ही यलो गोल्ड', 'पीडीकेव्ही अंबा' ही नावं आज शेतकऱ्याच्या तोंडी आहेत. हरभऱ्यात 'जाकी ९२१८' वर्षानुवर्षं टिकून आहे. आणि तंत्राचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे 'पीकेव्ही मिनी दालमिल'. अकोला हे डाळ गिरण्यांचं शहर. तूर शेतकऱ्याची आणि डाळ गिरणीवाल्याची, असा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चाललेला. विद्यापीठाच्या अभियंत्यांनी गावात बसवता येईल, कमी विजेवर चालेल आणि तूर, मूग, उडीद, हरभरा सगळ्यांची डाळ करील असं छोटं यंत्र तयार केलं. ते बचत गटांच्या बायांनी आणि तरुण शेतकऱ्यांनी उचललं, कारण त्याने एका जुन्या, रोजच्या प्रश्नाला उत्तर दिलं होतं.

मंडपाबाहेरचे वक्ते

वऱ्हाडातल्या एका माणसाने विद्यापीठाच्या बाहेर उभं राहून देशभर मोठा शेतकरी श्रोतृवर्ग मिळवला. सुभाष पाळेकर अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे, नागपूरच्या कृषी महाविद्यालयात शिकलेले. रासायनिक शेतीतून बाहेर पडून त्यांनी स्वतःच्या शेतावर प्रयोग केले आणि बीजामृत, जीवामृत, आच्छादन, वाफसा या चार गोष्टींवर उभी असलेली पद्धत मांडली. त्यांची शिबिरं अनेक दिवसांची असतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते एकटे बोलतात आणि हजारो शेतकरी वह्या घेऊन लिहून घेतात. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आंध्र प्रदेशाने राज्याचा कार्यक्रम म्हणून ही शेती स्वीकारली आणि जुलै २०१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पी भाषणात झिरो बजेट शेतीचा उल्लेख आला.

त्याच वर्षी राष्ट्रीय कृषिविज्ञान अकादमीने आक्षेप घेतला. पुरेसा शास्त्रीय पुरावा नसताना सरकारने या पद्धतीत पैसा आणि मनुष्यबळ घालू नये, असं अकादमीचं म्हणणं होतं. भारतीय कृषी संशोधन परिषदेनेही अभ्यासासाठी समिती नेमली. दोन्ही बाजूंचं बोलणं जाहीर झालं, पण वेगवेगळ्या खोल्यांत. शेतकऱ्याला हवी होती ती एक साधी गोष्ट: त्याच गावात, त्याच जमिनीवर, दोन्ही पद्धतींचे तुकडे शेजारी शेजारी आणि हंगामाच्या शेवटी दोन्ही वक्ते एका धुऱ्यावर. शिवार फेरीची रीत ज्या भूमीत रुजली, तिथे हे अवघड नव्हतं.

जनुकीय बियाण्याच्या वादातही हेच दिसतं. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. बीटी वांग्याच्या वेळी मात्र तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी देशात सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यांतली एक जानेवारी २०१० मध्ये नागपुरात झाली. शेतकरी, शास्त्रज्ञ, कंपन्या, ग्राहक, सेंद्रिय शेतीवाले, सगळे एका सभागृहात आले. गोंधळही झाला, घोषणाही झाल्या. पण मंत्र्याला तासन्‌तास ऐकावं लागलं, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती जाहीर करताना त्या सुनावण्यांचा वृत्तांतही प्रसिद्ध झाला. निर्णय पटो वा न पटो, कोण काय म्हणालं याची नोंद राहिली.

नऊ वर्षांनी त्या नोंदीच्या उलट दिशेने आवाज उठला. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर गावात शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने शेकडो शेतकरी जमले आणि परवानगी नसलेल्या तणनाशक-सहनशील कापसाची त्यांनी उघडपणे पेरणी केली. तंत्रज्ञान निवडण्याचं स्वातंत्र्य शेतकऱ्याला असावं ही त्यांची मागणी. निंदणीला मजूर मिळत नाही आणि मजुरी परवडत नाही, हा त्यामागचा रोजचा अनुभव. गुन्हे दाखल झाले, बियाण्याचे नमुने तपासणीला गेले. या पेरणीच्या बाजूचे आणि विरोधातले दोन्ही युक्तिवाद गंभीर आहेत: एकीकडे मजुरीचा खर्च, दुसरीकडे तणनाशकांचा वाढता वापर, तणांची वाढती प्रतिकारशक्ती आणि बेकायदा बियाण्याची कोणतीही हमी नसणं. पण कृषी विद्यापीठ अकोली जहांगीरच्याच जिल्ह्यात असताना हा वाद विद्यापीठाच्या मुख्य मंचावर आधी का झाला नाही, हा प्रश्न उरतोच.

जिथे कोणीच बोललं नाही

२०१७ च्या पावसाळ्याने या मौनाची किंमत दाखवली. यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो जण रुग्णालयात भरती झाले. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या डोक्याच्या वर वाढली होती, दमट हवा होती, दोन-तीन औषधं एकत्र करून मारण्याची सवय पडली होती, आणि हातमोजे-मास्क बहुतेकांकडे नव्हते. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटीची ढाल भेदून बोंडं पोखरली. अळीला प्रतिकारशक्ती येतेय हे शास्त्रज्ञांच्या निबंधांत आधीच लिहिलेलं होतं.

मजुराला ते कोणी सांगितलं नव्हतं. फवारणीचा सल्ला त्याला मिळत होता तो कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर, बिलासोबत. ज्याच्या पाठीवर पंप होता त्याच्यासाठी एकही व्यासपीठ नव्हतं. ना बोलायला, ना विचारायला. त्यानंतर कामगंध सापळे, फरदड न घेण्याचा आग्रह, एकात्मिक कीड नियंत्रण यांवर गावोगाव मोहिमा निघाल्या. त्या गरजेच्या होत्या आणि उशिरा होत्या.

या दशकातलं आशादायक उदाहरणही कापसाचंच आहे. अकोला जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी झाडांची संख्या वाढवून, अंतर कमी करून, वाढ आटोक्यात ठेवून सघन लागवड केली. उत्पादन वाढल्याचं दिसल्यावर लोक पाहायला आले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या प्रकल्पाशी हे जोडलं गेलं आणि केंद्र सरकारच्या बोलण्यात 'अकोला मॉडेल' हा शब्द आला. इथे प्रयोग आधी वावरात झाला आणि कौतुकाचं भाषण नंतर दिल्लीत.

मेळघाटाचा धडा

डॉ. रवींद्र कोल्हे नागपूरहून एमबीबीएस होऊन मेळघाटात बैरागडला गेले ते वैद्यकी करायला. डॉ. स्मिता कोल्हे त्यांच्यासोबत आल्या. लोकांना उपचार मिळू लागले, तशी त्यांनी पुढची मागणी केली: आमची जनावरं आजारी पडतात, पिकं हातची जातात, त्यावरही औषध सांगा. डॉक्टर अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शेती शिकायला गेले. कुपोषणाचं मूळ रिकाम्या कणगीत आहे हे त्यांना कोरकू माणसाने शिकवलं होतं. २०१९ मध्ये या दांपत्याला पद्मश्री मिळाली आणि आज त्यांना परिषदांत मुख्य वक्ते म्हणून बोलावतात. त्यांच्या बोलण्यात लोक तल्लीन होतात, कारण त्यामागे आधी ऐकून घेतल्याची वर्षं आहेत.

धारणी तालुक्यात उतावलीला डॉ. आशिष सातव यांच्या 'महान' संस्थेने गावातल्याच बायांना घरोघर बालकांची काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यूंवरचं त्या कामाचं संशोधन वैद्यकीय नियतकालिकांत गेलं. त्या निबंधांतले आकडे जमवणारे हात गावातल्या बायांचे आहेत.

अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावाने तिसरी वाट दाखवली. वन हक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाल्यावर गावाने उघड्या पडलेल्या जंगलाची राखण स्वतःकडे घेतली. चराई आवरली, झाडं लावली, पाणी अडवलं, सीताफळ गोळा करून विकायला सुरुवात केली. २०१४ मध्ये त्यांना जैवविविधतेसाठीचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. आज वनशास्त्राचे विद्यार्थी तिथे शिकायला जातात. तिथे बोलतो तो गावचा माणूस आणि लिहून घेतात ते विद्यार्थी.

मान कोणाला

मुख्य पाहुण्याच्या निवडीवरून वऱ्हाडात सर्वांत मोठा वाद झाला तो साहित्याच्या मंचावर. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनासाठी ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण ऐनवेळी मागे घेतलं गेलं. महाराष्ट्रभर निषेध उठला, अनेक साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. निमंत्रण रद्द करणं चुकीचंच होतं. पण त्यातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. उद्घाटनाचा मान यवतमाळ जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांना मिळाला. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार ओढणारी, 'तेरवं' या नाटकात स्वतःसारख्या बायांचं जिणं रंगमंचावर आणणारी ही बाई संमेलनाच्या मंचावर उभी राहून शेतकऱ्याच्या विधवेबद्दल बोलली. ज्या जिल्ह्याच्या आत्महत्यांवर शेकडो प्रबंध लिहिले गेले, त्या जिल्ह्यात त्या प्रबंधांचा विषय असलेल्या बाईने प्रमुख भाषण केलं, तेही अपघाताने. तशी निवड ठरवून व्हायला हवी होती.

विज्ञानाच्या मंचानेही थोडं सरकून पाहिलं. जानेवारी २०२३ मध्ये नागपूर विद्यापीठात १०८ वी भारतीय विज्ञान काँग्रेस झाली. शाश्वत विकास आणि महिला सबलीकरण हा तिचा विषय. तिच्यात शेतकऱ्यांची वेगळी विज्ञान परिषद भरली आणि आदिवासी विज्ञान परिषदही भरवण्यात आली. चांगलं पाऊल, पण बाजूच्या मांडवातलं. मुख्य सत्रं शास्त्रज्ञांचीच राहिली. त्यानंतर आयोजक संघटना आणि केंद्रीय विज्ञान खातं यांच्या वादात पुढचं अधिवेशन अडकलं.

लोकांची उत्सुकता कमी आहे असं मात्र कोणी म्हणू नये. जून २०२० मध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा टाळेबंदीतही गावोगाव चर्चा झाली. उल्केपासून शापापर्यंत सगळ्या कथा फिरल्या. प्रयोगशाळांनी नमुने तपासून सांगितलं की खारटपणा वाढल्याने मीठ सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांची वाढ झाली आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी रंगलं. हे स्पष्टीकरण मराठी वर्तमानपत्रांतून आलं आणि लोकांनी ते उचलून धरलं. साध्या भाषेत, वेळेवर सांगितलं तर लोक ऐकतात, याचा तो ताजा पुरावा.

आता काय करावं

एवढ्या उदाहरणांनंतर काही गोष्टी स्पष्ट दिसतात. शास्त्रज्ञाची जागा दुसऱ्या कोणी घेऊ शकत नाही. वाणाची चाचणी, विषाची मात्रा, रोगाचं कारण हे त्यालाच कळतं आणि गर्दीच्या टाळ्यांनी ते ठरत नाही. पण प्रश्न कोणता घ्यायचा, हे ठरवताना ज्याच्या वावरात त्याचं फळ किंवा नुकसान उतरणार आहे, त्याला आधी बोलू द्यायला हवं. बैठकीच्या शेवटच्या दहा मिनिटांत 'काही शंका असल्यास' म्हणून मिळणारी संधी पुरेशी नाही. तोवर पाहुण्यांची गाडी सुरू झालेली असते.

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्याचंच पाहा. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतली ही चोपण जमीन आणि खारं भूजल. इथे विहीर खणून ओलीत करता येत नाही, पाणीच पिकाला मारतं. शेततळं, जिप्सम, हिरवळीचं खत, रुंद सरी-वरंबा या शिफारशी आहेत. २०१८ पासूनच्या 'पोकरा' या हवामान-अनुकूल शेतीच्या प्रकल्पात हा पट्टा घेतला गेला आणि गावपातळीवर सूक्ष्म नियोजन झालं. पण या पट्ट्याच्या प्रश्नावरच्या परिषदेचं पहिलं भाषण दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या अशा बाईने करावं, जी तीस वर्षं तेच पाणी भरतेय आणि तीच जमीन डवरतेय. तिच्यानंतर मृदशास्त्रज्ञाने बोलावं आणि त्याच्या प्रत्येक शिफारशीला तिने विचारावं. अशा क्रमाने बोलणं झालं तर शास्त्रज्ञाचं भाषण अधिक अचूक होईल, कारण ते एका खऱ्या प्रश्नाचं उत्तर असेल.

शेतकऱ्याच्या अनुभवाला पत्ता देण्याची सवय मराठी कृषी पत्रकारितेने कधीच लावली आहे. २००५ पासून निघणाऱ्या 'ॲग्रोवन' दैनिकात यशोगाथेखाली त्या शेतकऱ्याचा फोन क्रमांक छापतात आणि मग महिनाभर त्याचा फोन वाजत राहतो. हेच मुख्य भाषणाच्या बाबतीत करता येईल. शास्त्रज्ञाच्या भाषणाखाली विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं छापावीत. उत्तर मिळालं नाही तर तेही छापावं, म्हणजे पुढच्या वर्षी कोणीतरी त्या प्रश्नावर काम करील.

ॲग्रेस्कोची शिफारस पुस्तिका दरवर्षी निघते. तिच्या सुरुवातीला चारही विद्यापीठांच्या शिवार फेऱ्यांत आणि कृषी विज्ञान केंद्रांत शेतकऱ्यांनी विचारलेल्या, उत्तर न मिळालेल्या प्रश्नांची यादी द्यावी. उद्घाटनाच्या सत्रात मंत्र्यांच्या आधी एक शेतकरी आणि एक शेतमजूर यांना पूर्ण वेळ द्यावा. फवारणी करणारा, निंदायला जाणारी बाई, मेळघाटातली आशा कार्यकर्ती, दालमिल चालवणारा बचत गट, अशांतून ती निवड व्हावी. घाटखेड आणि दुर्गापूर इथली अमरावती जिल्ह्यातली कृषी विज्ञान केंद्रं या वक्त्यांची निवड सहज करू शकतात, कारण रोजचा संबंध त्यांचाच आहे. अमरावती विद्यापीठाने आपल्या परिषदांत एक सत्र वऱ्हाडी बोलीत ठेवावं आणि त्यात संशोधक विद्यार्थ्याने आपला प्रबंध गावच्या माणसाला समजावून सांगावा. यांतल्या कशालाही नवा कायदा लागत नाही, वेगळा निधी लागत नाही. संयुक्त ॲग्रेस्कोच्या पुढच्या फेरीपासून चारही विद्यापीठांच्या संमतीने हे सुरू होऊ शकतं आणि त्याचा पहिला प्रस्ताव अकोल्याने मांडावा.